नारळावरचा हात

परवा गोव्यातल्या साखळी गावच्या कॉलेजात मला भाषणाला बोलावलं होतं. विषय त्यांनी लिहून पाठवला होता, ‘आधुनिक उद्योगात कामगार संघटनांचे स्थान’. मी गेलो, पाऊण तास बोललो. आमचा त्रेपन्न दिवसांचा संप सांगितला, प्रेसच्या मशीनला जाळी बसवून घेतली ते सांगितलं, एकोणीस जणांना कायम करून घेतलं ते सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, प्राचार्यांनी शाल दिली. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण घरी आलो तेव्हा माझी बायको विमला पायरीवर बसून तांबडी भाजी निवडत होती. शालीकडे बघून तिनं विचारलं, “हौसाक्काचं सांगितलंत?” मी शालीची घडी घालायला लागलो. “मग पाऊण तास काय बोललात?” म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

म्हणून आता सांगतो. मी चिडखोर म्हातारा आहे. सांगता सांगता मध्येच शिवी आली तर सोडून द्या, ती बहुतेक मलाच असेल.

हौसाक्का गडहिंग्लजकडची. तिचा नवरा बांधकामावर होता. आमच्या डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या शेडी त्याच्यासारख्यांनीच उभ्या केल्या. आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना बांधून होत आला होता, तेव्हा तो परांचीवरून पडला आणि गेला. ती तेव्हा पंचविशीची, कडेवर मुलगी, अमृता. कँटीनच्या ठेकेदाराने तिला स्वयंपाकाला ठेवलं आणि कँटीनमागची खोली राहायला दिली. लोक म्हणायचे, दया केली बिचाऱ्याने. दया कसली डोंबलाची, बाई चोवीस तास हाताशी मिळाली.

पहिल्या दिवशी तिनं बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमच्या माशाच्या आमटीत, कांदा-लसणीचं तिखट घातलं. चौसष्ट माणसं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसली. आमच्यातला सगळ्यात वयस्कर सगुण, प्रेसवरचा जुना माणूस, त्यानं ताट पुढे सरकवलं. “आक्का, हें हुमण की दारूगोळो?” ती रडली नाही, रागावलीही नाही. “मला कुठं ठावं तुमचा मासा? शिकीव की बाबा,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगुणने माशात घालायची घरची तिरफळं आणून तिच्यापुढे ठेवली. दोन महिन्यांत ती असं हुमण करायला लागली की माणसं आपापल्या बायकांच्या हाताला नावं ठेवायला लागली. मी विमलाच्या हाताला एकदाच ठेवलं. पुन्हा नाही ठेवलं.

आमच्या कारखान्यात पत्रा दाबायचे प्रेस होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. जाळी असली की काम हळू चालतं, म्हणून वरच्या साहेबांनी जाळ्या काढून गोदामात टाकल्या होत्या. वर्षाकाठी कोणाचं तरी बोट जायचं. हाताला फडकं बांधलेला माणूस जेवायला आला की हौसाक्का त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढायची, भात कालवायची आणि चमचा लावून ताट पुढे करायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. “दादा, ह्या साली पाच जणांचं काटं काढलं मी, सांग तुज्या सायबाला,” असं ती मला म्हणायची. मी युनियनचा सेक्रेटरी म्हणून साहेबाला विचारायला गेलो, तर त्याच्या अपघाताच्या वहीत दोनच नावं होती. हौसाक्काचं खरं होतं.

त्या काळात आमच्या युनियनचं मात्र भलतंच चाललं होतं. नोटीस मराठीत लावायची की कोकणीत, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. भाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, तरी आमचं भांडण मिटेना. कँटीनमध्ये मराठीवाले एका बाजूला बसायचे, कोकणीवाले दुसऱ्या. हौसाक्का वाढता वाढता म्हणायची, “कंच्या बी भाषेत भांडा रं, भूक लागल्यावर समदी ताटच वाजवत्यात.” हसायचो आणि परत भांडायचो.

मग अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये, शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, होऊन आठवडा झाला असेल, शांतारामाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सव्वीस वर्षांचा पोरगा, लग्न ठरलेला. कंपनी म्हणाली, त्याचंच लक्ष नव्हतं. त्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये दोन बाजू राहिल्या नाहीत. नोटीस देऊन एप्रिलच्या सुरुवातीला संप करायचा ठरला. मागण्या तीन, जाळ्या परत बसवा, वर्षानुवर्षं बदलीवर, म्हणजे तात्पुरतं, राबवलेल्यांना कायम करा, पगारवाढ द्या.

आता आमच्या बाजूची एक रीत सांगायला हवी. कारखान्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड आहे. कारखाना यायच्या आधीपासून त्या जागेचा तो धनी. कंपनीसुद्धा दर वर्षी त्याला नारळ आणि उंड्यांचा, म्हणजे पावांचा, मान द्यायची. मोठं काही करायचं तर आधी त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नारळावर हात ठेवून दिलेला शब्द मोडायचा नाही. कोर्टाच्या कागदाला आमची माणसं जेवढी घाबरत नाहीत, तेवढी त्याला घाबरतात.

संपाच्या सकाळी सगुणने नारळ हातात घेतला. “बा देवा राखणदारा म्हाराजा, आज हीं तुजीं लेकरां एक जावन तुज्या पायांकडे आयल्यांत. जो कोण ह्या नारळाक हात लायत, तेका भायर दवरून आमी भितर पाय घालचे नाय. असो आमचो शब्द.”

“व्हय म्हाराजा,” चौसष्ट जण म्हणाले. हात लावणाऱ्या एकालाही बाहेर ठेवून कोणी आत जायचं नाही, असा तो शब्द.

नारळ हातोहात फिरला. शेवटी माझ्याकडे आला, तेवढ्यात हौसाक्का कँटीनमधून ओले हात पुसत धावत आली. “थांबा, मी बी लावते.” दोघे-तिघे हसले. ती ठेकेदाराची माणूस, कंपनीची नव्हे. सगुणने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “लाव गो आक्का.” तिनं दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं, “दादा, माजं नाव लिवलंस न्हवं वहीत?” युनियनच्या सभासदांची वही माझ्याकडे असायची. ठेकेदाराच्या माणसाचं नाव घालायचं तर वेगळा फॉर्म, ठेकेदाराचं नाव, पत्ता, नाना भानगडी. मला कंटाळा आला. मी म्हटलं, “नारळाला हात लावलास ना? त्याहून मोठी वही कुठली?” ती खूश झाली. मीसुद्धा माझ्या उत्तरावर खूश झालो. गाढव कुठला. राखणदाराचा शब्द पणजीच्या लेबर ऑफिसात चालत नाही, एवढं सेक्रेटरीला कळू नये?

दुसऱ्या दिवशी कंपनीने कँटीन बंद केलं. हौसाक्काने आपला मोठा टोप बाहेर आणला, गेटसमोरच्या आंब्याखाली तीन दगड मांडले आणि पेज चढवली. तांदूळ ज्याच्या त्याच्या घरून मूठमूठ यायचा. मिठातली कैरी, कधी सुका बांगडा. त्रेपन्न दिवस चौसष्ट माणसं त्या चुलीवर जेवली. शांतारामाला ती रोज आपल्या शेजारी बसवायची आणि डाव्या हाताने जेवायला शिकवायची. तो चिडून चमचा फेकायचा. ती उठायची, चमचा धुवायची आणि परत त्याच्या हातात द्यायची.

दहाव्या दिवशी ठेकेदार आला. कंपनीने बाहेरून वीसेक माणसं कामाला आणली होती, त्यांच्यासाठी आत रांधायला चल म्हणाला. ती नाही म्हणाली. “नारळाला हात लावलाय बाबा मी.” त्यानं खोली रिकामी करायला सांगितली. तिनं केली. दोन ट्रंका, देवाचा फोटो आणि अमृताचं दप्तर घेऊन ती आमच्या घरी आली. अमृता तेव्हा नववीत, डिचोलीच्या शाळेत, वर्गात दुसरी-तिसरी यायची. विमलाने पुढची पडवी झाडून दिली. आठ दिवसांत दोघी अशा झाल्या की मला माझ्याच घरात चहा मागायची भीती वाटायला लागली. संध्याकाळी दोघी जनेलापाशी, खिडकीच्या वाऱ्याला, बसायच्या आणि माझ्या घोरण्यावरून हसायच्या. हौसाक्काचं एकच चाललेलं असायचं, “संप मिटला की खोलीत जायाचं, अमृताची धावी झाली की सुटलो.” कँटीनचं ते स्वयंपाकघर आणि मागची ती खोली, एवढ्यावर तिच्या पोरीची शाळा उभी होती. हे मला माहीत होतं. घरातच होती ती माझ्या, माहीत नसायला काय झालं.

मे सरत आला. माणसं थकली. कोणी काजूच्या बागेत रोजावर गेला, कोणी मुरगावला बंदरात काही मिळतं का बघून आला. दोघांच्या बायकांनी मला वाटेत गाठून तोंडावर शिव्या दिल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्रेपन्नाव्या दिवशी पणजीला लेबर कमिशनरच्या ऑफिसात बोलणी ठरली. आमच्याकडून सगुण, शांताराम, मी आणि आमचे वकील गेलो.

कंपनीचा साहेब त्या दिवशी गोड होता. जाळ्या मान्य. एकोणीस जण कायम, मान्य. पगारवाढ, थोडी घासाघीस करून मान्य. मला विश्वास बसेना. मग तो म्हणाला, “एकच. कँटीन आमच्या मर्जीचं. नवा ठेकेदार, नवी माणसं. जुनी कोणी गेटच्या आत येणार नाही.”

“आमच्या हौसाक्काचं काय?” मी विचारलं.

“ती तुमची सभासद आहे? असेल तर यादीत दाखवा, बोलू.” आणि तो हसला.

वही माझ्या पिशवीत होती. वकिलांनी ती उघडून बघितली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “नाव असतं तर तिच्यासाठी ताणता आलं असतं. नावच नाही, तर कायद्याने ती ठेकेदाराची. तुमचा काय संबंध?” साहेबलोक दहा मिनिटं चहाला गेले.

आम्ही तिघे व्हरांड्यात उभे होतो. सगुण म्हणाला, “कृष्णनाथ, नारळाचो शब्द आसा.” शांताराम खाली बघत होता. वहीत चौसष्ट नावं होती आणि खाली पासष्टाव्या नावाची ओळ कोरी होती. पेन माझ्या खिशात. दहा मिनिटं होती. एक नाव लिहायला किती वेळ लागतो? लिहिलं असतं तर साहेब उठून गेला असता, संप आणखी चालला असता, कदाचित मोडला असता. कदाचित तो वाकलाही असता. ते आता कोणालाच कळायचं नाही, कारण मी लिहिलं नाही. मी सगुणला म्हटलं, “एकीसाठी चौसष्ट घरां उपाशी दवरूं? देवाक मागीर सांगूं.” देवाला नंतर सांगू, असं म्हणालो मी. त्यानं माझ्याकडे बघून मान वळवली. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत वहीत दहा वेळा लिहिली होती. आम्ही आत गेलो. मी सही केली, सगुणने केली, शांतारामाने डाव्या हाताने केली.

गेटवर परत आलो तेव्हा ऊन उतरत होतं. सगळे वाट बघत होते. मी गेटसमोरच्या एका धोंड्यावर चढून जाळ्यांचं सांगितलं, कायम झालेल्यांची नावं वाचली. आरडाओरडा झाला, कोणी मला उचललं. मी म्हटलं, “उद्या सकाळी आठ वाजता सगळ्यांनी आत.” सगळ्यांनी म्हटलं मी. हौसाक्का आंब्याखाली टोप घासत होती. ती हसली आणि तिनं कोळसे विझवले.

तिला मी सांगितलं नाही. घरी जाताना वाटेत सांगता आलं असतं, जेवताना सांगता आलं असतं. अमृताने विचारलं, “काका, खोली तीच मिळेल ना आमची?” मी हात धुवायला उठलो. विमलाने दहावीच्या वह्या आणून त्यांना कव्हरं घालायला घेतली होती. तिला वाटलं, मी दमलोय.

सकाळी सगळे गेटवर जमले. अनंत वॉचमन यादी घेऊन उभा होता. एकेकाचं नाव वाचायचा, माणूस आत जायचा. हौसाक्का डोक्यावर टोप, हातात उलथनं आणि डाव घेऊन रांगेत होती. नेसायला विमलाची चांगली साडी. शांतारामाचं नाव आलं, तेव्हा तो तिच्याकडे न बघता आत गेला. सगुण जाताना थबकला आणि मग तोही गेला. सेक्रेटरीने शेवटी आत जायचं असा आमचा पायंडा होता. माझं नाव वाचून अनंतने यादीची घडी घातली. बाहेर आम्ही दोघेच.

“अरं, माजं ऱ्हायलं बघ,” ती अनंतला म्हणाली. अनंतने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “आक्का, दोन दिवसांनी... बोलणी चालू आहेत...” तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिनं माणसांच्या ताटातले काटे काढले होते, माझं तोंड तिला वाचता येत नव्हतं असं थोडंच? तिनं टोप खाली ठेवला. भोंगा झाला. मी तिथंच उभा होतो, कारण शब्द असा होता की तिला बाहेर ठेवून आत पाय घालायचा नाही. मी तो पणजीत मोडला होता, पण गेटखालच्या लोखंडी पट्टीपलीकडे पाय उचलेना.

ती कुंपणाच्या कोपऱ्यात गेली, राखणदाराच्या दगडापाशी. हात जोडले. मला वाटलं, आता ती शाप घालणार. मी तयार होतो. घातला असता तर बरं झालं असतं.

“देवा म्हाराजा,” ती म्हणाली, “मला तुमच्यावानी गाऱ्हाणं येत न्हाई. त्या दिशी मी नारळाला हात लावला हुता. त्यो हात आज मी काढून घेते. ह्यास्नी त्या शब्दातनं मोकळं कर. ही लेकरं आत जाऊ देत, त्यास्नी दोष लावू नगंस. शांतारामाचा हात संबाळ.”

मग ती थांबली. गाऱ्हाण्याला कोणीतरी ‘व्हय’ म्हणावं लागतं, नाहीतर ते पुरं होत नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुसरं तिथं कोणीच नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

“जा दादा, भोंगा झाला,” ती म्हणाली. मी आत गेलो.

आत प्रेस चालू झाले होते, जाळ्या बसवायचं काम चाललं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मशीनच्या मागे जाऊन पोरासारखा रडलो.

चार दिवसांनी ती अमृताला घेऊन बेळगावच्या गाडीत बसली. विमलाने पाया पडून थांब म्हटलं, पण ती थांबली नाही. कव्हरं घातलेल्या वह्या विमलाने गाडीत दिल्या. घरी आल्यावर विमलाने मला सगळं विचारलं, आणि मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी जेवायला या आणि पाणी तापलंय, एवढंच बोलली.

बारा वर्षांनी विमलाच्याच हट्टाने आम्ही तिला शोधत गेलो. हौसाक्का दोन वर्षांपूर्वीच गेली होती. अमृता कोल्हापुरात एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या करत होती. दहावी झालीच नव्हती, त्याच साली लग्न झालं. तिनं आम्हाला मागच्या दारी बसवलं, चहा दिला. विमला तिचा हात हातात घेऊन बसली.

“आई आमची आठवण काढायची?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तुमची न्हाई,” ती म्हणाली. “शांतारामकाकाची काढायची. डाव्या हातानं जेवतो का नीट, म्हणायची.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “इथे युनियन आहे का?”

“आहे की. कायमच्या लोकांची. मी ठेक्यावर. सेक्रेटरी चांगले आहेत. परवा मोर्चात मला पुढं उभं केलं त्यांनी. नाव लिवा म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही आमच्यातल्याच, नंतर लिवू.”

“नंतर नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला. “आज. आत्ता त्याच्याकडे जा, त्याला समोर बसव आणि लिहून घे. त्याच्या खिशात पेन असेल.”

अमृता माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत होती.